टाळकऱ्यांची जागा

जालना जिल्ह्यातल्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओचं वर्ष जयंत्या, जत्रा आणि एकादश्यांवर चालतं. १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती, म्हणून जानेवारीच्या अखेरीस मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरची पोरं गोरमाटीतली गाणी घेऊन येतात. पाठोपाठ १९ फेब्रुवारीची शिवजयंती. मार्च लागला की भीमगीतांची गर्दी होते, कारण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नवं गाणं वाजलंच पाहिजे. ३१ मे अहिल्यादेवींचा, १ ऑगस्ट अण्णा भाऊ साठ्यांचा, मध्ये आषाढीची वारी. नवरात्राआधी अंबडच्या मत्स्योदरी देवीची गाणी येतात आणि अंगारकी जवळ आली की राजूरच्या गणपतीची.

गाणं कोणाचंही असो, माइकसमोरून बाहेर आलेला गायक हेडफोन काढतो, घोटभर पाणी पितो आणि विचारतो, ‘‘भाऊ, मिक्सिंगला किती वेळ लागंल?’’

विचारणाऱ्याच्या मनात तारीख असते. त्या तारखेमागे मजुरीतून, मोसंबीच्या पट्टीतून किंवा गावातल्या वर्गणीतून जमवलेले पैसे असतात. चाल बसवायला कित्येक संध्याकाळी गेलेल्या असतात. त्याला सरळ उत्तर हवं असतं आणि तो त्याचा हक्क आहे. मी अनेक वर्षं या शहरात लोकांची गाणी मिसळतो आहे. तरीही या प्रश्नाला मी लगेच तासांचा आकडा सांगत नाही. आधी एक उलटा प्रश्न विचारतो, ‘‘गाताना तुम्ही सगळे एकत्र होता का?’’

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. आजच्या गाण्याची रीतच तशी आहे. आधी संगणकावर ताल आणि सूर बसवलेला कच्चा सांगाडा तयार होतो. त्यावर गायक एकदा नुसतं गाऊन ठेवतो, त्याला आम्ही स्क्रॅच म्हणतो. मग एका संध्याकाळी ढोलकीवाला येतो आणि कानातली टिकटिक ऐकत वाजवून जातो. दुसऱ्या दिवशी हलगी होते. बासरी पुण्याहून फाइल होऊन येते. तिकडे ज्यानं ती फुंकली त्यानं घनसावंगी कधी पाहिलेलं नसतं. कोरसला चार मुली हव्या असतात, येतात दोघी. त्या दोघींकडून तेच ध्रुपद दोन-तीनदा गाऊन घेतलं की आठ-दहा जणींचा भास होतो. शेवटी मुख्य गायक त्या बंद काचेच्या खोलीत एकटा उभा राहतो आणि समोर कोणी नसताना ‘मायबापहो’ अशी हाक घालतो. सगळं संपल्यावर पडद्यावर वीस-पंचवीस आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टीत एक माणूस आहे. पण त्यातल्या कोणीही दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही, कोणाच्या समेवर दुसऱ्याची मान हललेली नाही.

या सगळ्यांना पुन्हा एका जागी आणून उभं करायचं, हे मिक्सिंगचं काम. किती वेळ लागेल याचं खरं उत्तर त्यातच आहे. माणसं जितकी वेगवेगळी गायली-वाजवली असतील, तितका वेळ त्यांना एकत्र आणायला जातो.

एके काळी हा वेळ लागतच नव्हता. फ्रेड गायसबर्ग १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचं सामान घेऊन कोलकात्यात उतरले आणि भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं सुरू झाली. तेव्हा माइक नव्हता. एक मोठा कर्णा होता आणि त्याच्या निमुळत्या टोकाला मेणाच्या तबकडीवर रेघ कोरणारी सुई. गौहर जानसारख्या गायिकेला त्या कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून गावं लागे. साथीची वाद्यं किती जवळ बसवायची आणि किती दूर, यावरच सगळा तोल ठरे. ज्याचा आवाज मोठा तो मागे, ज्याचा नाजूक तो पुढे. तबकडी तीनेक मिनिटांत भरायची आणि गाणं संपलं की मिक्सिंगही संपलेलं असायचं. जे काही ठरवायचं ते गाण्याआधी, माणसांना उठवून-बसवून ठरवलेलं असे.

१९२५ नंतर विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, माइक आले, तरी ही पद्धत पुष्कळ काळ टिकली. आपल्याकडचं सर्वांच्या माहितीचं उदाहरण गीतरामायणाचं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून त्यातलं पहिलं गीत प्रक्षेपित झालं आणि पुढे वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला नवं गीत येत राहिलं. एकूण ५६ गीतं झाली. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, वाद्यमेळ बसवायचा, त्या त्या पात्राच्या गायक-गायिकेकडून बसवून घ्यायचं, आणि हे सगळं आठवड्याच्या आत. मोजक्या माइकांपुढे सगळ्यांनी एकत्र गायचं-वाजवायचं. तिथे नंतर दुरुस्त करायला जागा नव्हती, म्हणून आधीच इतकी तयारी होती. सत्तर वर्षं झाली, तरी त्या गीतांतला एकही शब्द ऐकताना निसटत नाही.

मुंबईच्या चित्रपटगीतांचंही तसंच होतं. साठ-सत्तर वादक, पार्टिशनच्या आडोशाला उभी गायिका आणि काचेमागे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवर बोटं ठेवून बसलेला ध्वनिमुद्रक. एका व्हायोलिनवाल्याचा गज चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सकाळपासून तालमी चालायच्या, आणि जो टेक मंजूर व्हायचा त्यातच मिश्रण झालेलं असायचं. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई संवाद, गाणी, पार्श्वसंगीत आणि इतर आवाज यांचं अंतिम मिश्रण करत. ‘शोले’चं रिरेकॉर्डिंग त्यांचं. खुद्द सत्यजित राय यांनी आपल्या चित्रपटांच्या मिश्रणासाठी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. अशा माणसांचं नाव श्रेयनामावलीत क्षणभर येऊन जातं, पण आपल्या दोन-तीन पिढ्यांनी जे ऐकलं ते त्यांच्या कानांतून गाळून आलेलं आहे.

मग अनेक ट्रॅकची, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर घेणारी यंत्रं आली. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकानं १९५७ मध्ये आठ ट्रॅकचं टेपयंत्र करून घेतलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही पद्धत मुंबईच्या स्टुडिओंत स्थिरावली आणि संगणक आल्यावर ट्रॅकच्या संख्येला बंधनच उरलं नाही. त्यामुळे गरिबाची सोय झाली, हे आधी सांगितलं पाहिजे. साठ वादक एका दिवशी एका खोलीत आणणं जालन्यातल्या कोणत्या शाहिराला परवडलं असतं? आज तो ढोलकीचे पैसे या महिन्यात देतो आणि बासरीचे पुढच्या महिन्यात. एक ओळ चुकली तर तेवढीच पुन्हा गातो. पण या सोयीनं वेळ वाचवलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. पूर्वी जो वेळ गाण्याआधी तालमीत जायचा, तो आता गाण्यानंतर मिक्सिंगमध्ये जातो. तालमीचा वेळ सगळ्यांचा असायचा. हा वेळ एकट्यानं, रात्री, दोन स्पीकरसमोर काढावा लागतो.

घनसावंगी तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या बुवांनी मला या कामाचं मर्म ज्या रीतीनं सांगितलं, तसं ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. त्यांचा एक अभंग आम्ही रेकॉर्ड केला होता. खोली लहान, म्हणून टाळ वेगळे घेतले होते. एकाच तरुण टाळकऱ्यानं तीन वेळा वाजवून तीन टाळांचा नाद भरून दिला होता. सगळं स्वच्छ होतं, लयीत होतं. कच्चं मिक्स ऐकायला बुवा आले. डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, ‘‘आवाज झ्याक आलाय. पण टाळकरी म्होरं काहून आणले, भाऊ? ते तर माह्या मागं राहतात.’’

मी विचारलं, ‘‘बुवा, तुमचं मंडळ उभं कसं राहतं ते दाखवा ना.’’ ते उठले. त्या लहानशा खोलीत मधोमध उभे राहिले. उजव्या हाताला मृदंगाची जागा दाखवली, डावीकडे पेटीची. मग मागे वळून अर्धगोल काढला आणि म्हणाले, ‘‘इथून इथवर टाळकरी. म्या ओढून धरलं की ते उचलतात. मला त्यांचं तोंड दिसत नाही, पण पाठीला कळतं.’’

‘पाठीला कळतं’ या दोन शब्दांवर मी नंतरचे कित्येक तास काम केलं. मागे उभ्या माणसाचा आवाज पुढच्याहून वेगळा कसा असतो? तो जरा कमी असतो, हे उघड आहे. पण नुसता कमी केला तर तो दूर जात नाही, फक्त बारीक होतो. दुरून येणाऱ्या आवाजाची टोकदार धार थोडी बोथट झालेली असते, म्हणून टाळांचे अगदी वरचे सूर किंचित उतरवले. दूरच्या आवाजात भिंतींवरून परतणारा नाद जास्त मिसळलेला असतो, म्हणून टाळांना बुवांच्या गळ्यापेक्षा थोडी जास्त देवळाची घुमणी दिली. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दोन मीटर मागे उभ्या असलेल्याचा टाळ एका सेकंदाच्या हजार भागांतले सहा भाग उशिरा पोचतो. तेवढं त्याला मागे सरकवलं. तिन्ही टाळ एकाच ठिकाणी होते, ते डावी-उजवीकडे पांगवून अर्धगोल पुरा केला. मृदंग बुवांनी दाखवलेल्या हाताला नेला.

बुवांना पुन्हा बोलावलं. पहिल्याच ध्रुपदाला त्यांचा हात मांडीवर पडला. ‘‘हां,’’ ते म्हणाले, ‘‘आता माहं मंडळ आलं.’’

गायसबर्ग कर्ण्यासमोर माणसं पुढे-मागे करत होते, तेच काम आपल्या देवळांत, वाड्यांत, पारांवर कितीतरी आधीपासून चाललेलं आहे. कीर्तनकार पुढे, टाळकरी मागे, मृदंग जवळ हे नुसतं मानपानाचं ठरलेलं नाही. शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचावा आणि नाद त्याच्या मागून उभा राहावा, म्हणून अनेक पिढ्यांच्या कानांनी ती जागा ठरवली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि आज त्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहात वाचता-ऐकता येतात. त्यातल्या काही ध्वनिमुद्रणांत जात्याची घरघर आहे, एकीनं ओवी उचलली की दुसरीचा गळा तिला येऊन मिळतो. ते ऐकताना माझा हात फेडरकडे जात नाही. त्या बायांनी स्वतःचा तोल स्वतःच साधलेला आहे. एकमेकींसमोर बसून, एकच खुंटा धरून गाणाऱ्यांना तिसऱ्यानं काय जुळवून द्यायचं?

वेगवेगळं गायलेलं मात्र जुळवावं लागतं, आणि त्यातले तास नेमके कुठे जातात हे गायकाला कळायला हवं. पहिला बराच वेळ निव्वळ साफसफाईत जातो. वायरिंगचं अर्थिंग कच्चं असलं की विजेची ५० हर्ट्झची घुंई प्रत्येक ट्रॅकमध्ये बसलेली असते, तिच्या दुप्पट-तिप्पट कंपनांसकट. ती सरसकट कापावी तर त्याच परिसरात ढोलकीच्या धुमेचा भार असतो. घुंई जाते आणि ढोलकीचं पोटही जातं. म्हणून जिथे ढोलकी बोलत नाही तिथेच, थोडं थोडं करून ती काढावी लागते. मागून गेलेला सळयांचा ट्रक, खुर्चीची करकर, दोन ओळींमधला घशाचा आवाज हेही वेचावं लागतं. श्वास मात्र मी काढत नाही. काही जण सगळे श्वास पुसून टाकतात. मग गायक जिवंत वाटत नाही.

नंतर शब्द आणि टाळ यांचा झगडा सुरू होतो. मराठीत स, श, च, छ, झ यांची धार जिथे असते, तिथेच टाळ-झांजांची झळाळी असते. टाळ चढले की ‘संत’मधला स आणि ‘चरण’मधला च त्यांच्याखाली दबतो. ऐकणाऱ्याला सूर मिळतो, पण अर्थ हरवतो. भीमगीतात किंवा भारुडात अर्थ हरवला तर काय उरलं? ही गाणी काहीतरी सांगायला जन्मलेली आहेत. म्हणून मी प्रत्येक ओळ तपासतो, आणि जिथे महत्त्वाचा शब्द येतो तिथे सगळ्या वाद्यांना क्षणभर अर्धं पाऊल मागे घेतो. ऐकणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, येऊही नये. त्याला फक्त शब्द कळतो. एका गाण्यात असे कितीतरी शब्द असतात. सर्वांत जास्त वेळ इथे लागतो, आणि हाच वेळ सर्वांत सार्थकी लागतो असं मी मानतो.

तिसरी गोष्ट कानाची. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी मोजून दाखवलं की आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. हळू आवाजात त्याला खर्ज फारच कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात तो भरभरून येतो. म्हणून स्पीकर मोठा लावून मिक्स केलेलं गाणं त्या खोलीत दणदणीत वाटतं आणि घरी हळू आवाजात ऐकलं की पोकळ होतं. शिवाय मोठ्या आवाजात तास-दोन तास बसलं की कान थकतो. थकलेल्या कानाला ट्रेबल कमी वाटतो, मग हात तो वाढवत जातो आणि सकाळी तेच गाणं कानाला टोचतं. यावर एकच उपाय आहे, थांबणं. पेरणीची घाई असली तरी शेतकरी वाफसा आल्याशिवाय तिफण घालत नाही. तसं रात्रीचं मिक्स सकाळच्या ताज्या कानानं ऐकल्याशिवाय मी हातातून सोडत नाही. ज्यांना वाटतं की या रात्रीत काही काम होत नाही, त्यांना मी हेच सांगतो की काम होण्यासाठीच ती रात्र लागते.

जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव त्या बुवांच्याच घनसावंगी तालुक्यातलं. १६०८ चा त्यांचा जन्म. दासबोधाच्या चौथ्या दशकात त्यांनी नऊ प्रकारची भक्ती सांगितली आहे. भागवतातल्या क्रमाप्रमाणे तिथे पहिला समास श्रवणाचा आहे आणि कीर्तनाचा दुसरा. गाण्याच्या आधी ऐकणं. मिक्सिंगला बसताना मला हा क्रम फार आधार देतो. पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बघत काम सुरू केलं की डोळे कानाला हुकूम देऊ लागतात. म्हणून मी आधी पडदा बंद करतो आणि गाणं आहे तसं, काहीही न करता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो. हा माणूस कोणाशी बोलतो आहे? देवाशी, बाबासाहेबांशी, गावाशी, की स्वतःशीच? त्याचं उत्तर मिळालं की त्याला किती जवळ उभं करायचं ते ठरतं. देवाशी एकांतात बोलणाऱ्याभोवती मोठं देऊळ उभं करून चालत नाही. मिरवणुकीला हाक घालणाऱ्याला काचेच्या खोलीत कोंडून चालत नाही.

तरी एक धोका उरतोच, थांबायचं कधी हे न कळण्याचा. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या १९८२ च्या अल्बममधल्या ‘बिली जीन’ या गाण्याचं मिश्रण ब्रूस स्वीडीन यांनी केलं. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी की सुधारत सुधारत ते ९१ व्या मिक्सपर्यंत गेले. मग निर्माते क्विन्सी जोन्स यांनी दुसरं मिक्स पुन्हा ऐकू या म्हटलं, आणि जगानं ऐकलं ते तेच दुसरं मिक्स. उरलेली मेहनत वाया गेली असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत नाही. दुसरं चांगलं आहे हे ठरवण्यासाठीच ती सगळी मिक्सं करावी लागली. पण त्यांच्याकडे तेवढा वेळ आणि तेवढे पैसे होते. मजुरी बुडवून बदनापूरहून आलेल्या गायकाच्या गाण्यावर मला तसे प्रयोग करता येणार नाहीत. त्याच्या गाण्यात काय हवं आहे हे मला लवकर ओळखता यायला हवं, आणि ते ओळखता यावं म्हणून त्याच्या गावात, त्याच्या मंडळात, त्याच्या मिरवणुकीत जाऊन मी ऐकलेलं असायला हवं. मिक्सिंगचा पुष्कळसा वेळ असा स्टुडिओबाहेर, आधीच खर्च झालेला असतो. बिलात तो कुठे दिसत नाही.

शेवटी गाणं कुठे वाजणार, त्याची परीक्षा होते. जालन्यातलं गाणं चांगल्या दिवाणखान्यातल्या महागड्या स्पीकरवर क्वचित वाजतं. ते उसाच्या ट्रॅक्टरवर वाजतं, काळीपिवळीत वाजतं, रानात खुरपणाऱ्या बाईच्या कमरेला खोचलेल्या मोबाइलवर वाजतं. देवळाच्या भोंग्यावर वाजतं, आणि तिथे डावं-उजवं असं काही नसतं, सगळं एकाच तोंडातून बाहेर येतं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीवरही वाजतं. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, तेव्हा अजय-अतुल यांनी त्यातल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं होतं. तीच गाणी आमच्याकडच्या ट्रॅक्टरच्या फाटक्या स्पीकरवर त्या वर्षी सगळ्यांत जास्त वाजली आणि तिथेही शब्द न् शब्द कळत होता. चांगलं मिश्रण गरीब स्पीकरवरही टिकतं, याचा याहून मोठा पुरावा मला नको. म्हणून मीही मोबाइलवर, रिक्षात, एका भोंग्यावर ऐकून पाहतो. पाठीमागच्या अर्धगोलातले टाळकरी भोंग्यात एका ठिकाणी गोळा झाले तरी बुवांचा शब्द त्यांच्या पुढेच राहिला पाहिजे.

आता पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो, कारण ते मागणाऱ्याचा हक्क आहे असं मी म्हटलं आहे. वीस-पंचवीस ट्रॅकच्या गाण्याला एक संध्याकाळ साफसफाईला लागते. एक पूर्ण दिवस तोल साधायला लागतो. त्यानंतर एक रात्र कानाला विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळचे काही तास दुरुस्तीला आणि निरनिराळ्या स्पीकरवर तपासायला. म्हणजे संध्याकाळी हातात घेतलेलं गाणं तिसऱ्या दिवशी दुपारी द्यावं. याहून कमी वेळात गाणं मोठं करून देता येतं, नीट करून देता येत नाही. याहून फार जास्त वेळ लागत असेल, तर दोष बहुधा मिक्सिंगचा नसतो, गाणं तुकड्या-तुकड्यांत गोळा केल्याचा असतो.

म्हणून जालना, परभणी, बीड, बुलढाण्यातल्या सगळ्या गाणाऱ्या भावाबहिणींना माझी विनंती आहे. जयंतीच्या आदल्या रात्री येऊ नका, आठवडाभर आधी या. येताना निदान ढोलकीवाल्याला, दोन टाळकऱ्यांना आणि ध्रुपद धरणाऱ्यांना सोबत घेऊन या. खोली लहान असेल तर दार उघडं ठेवू, कोणी ओट्यावर उभं राहील, माइक तिथवर नेऊ. काही ओळी तरी सगळ्यांनी एकमेकांकडे बघत, एकाच वेळी गाव्यात. आवाज एकमेकांत थोडे सांडले तर सांडू द्या. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या पाठीशी उभं राहून गायलं आहे, त्यांना वेगळं करून पुन्हा जोडण्यापेक्षा एकत्र गाऊ द्यावं, यातच गाण्याचंही भलं आहे आणि तुमच्या पैशाचंही. आणि कच्चं मिक्स ऐकायला स्वतः या. तुमच्या मंडळात कोण कुठे उभं राहतं, ते मला तुम्हीच सांगू शकता.